मस्कतचं टपाल

भुईगाव, वसई
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

प्रति,
जेन्सन सॅन्टन तुस्कानो,
गोरेगाव.

विषय: काल टीव्हीवर तू केलेल्या विधानांबाबत.
संदर्भ: 'समोरची खुर्ची', गुरुवारचा तिसरा भाग.

जेन्सन,

एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्की केली, त्यामुळे विषय-संदर्भ टाकल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. हसायचं तर हस. फोनवर आपलं बोलणं दीड मिनिटाचं. "कसे आहात डॅडी", "बरा आहे", "केळी कशी आहेत", "आहेत". त्यात मला म्हणायचंय ते मावत नाही, म्हणून कागद घेतला. रोवेना म्हणाली, पाकीट माझ्याकडे द्या, मी जेन्सनला पोचवते. सख्ख्या बापाला तुझा पत्ता द्यायचा नाही असं तुम्हा भावंडांचं ठरलेलं दिसतंय.

तर, तुझी मालिका आम्ही बघतो. म्हणजे तुझी मम्मी बघते, मी पेपर तोंडासमोर धरून वरून बघतो. सोमवार ते शुक्रवार, साडेसातला, ते डॉक्टर टिपणीस खुर्चीत बसतात आणि रोज एक नवा पेशंट येऊन त्यांच्यासमोर रडतो. सोमवारी ती वकील बाई, मंगळवारी तो पोलीस, गुरुवारी तू. तिथे तुझं नाव डेनिस म्हणे. साडेसात ही आपल्या घरी रोझरीची वेळ, तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या आजीपासून ती एक मिनिट मागेपुढे झाली नव्हती. गेले तीन आठवडे गुरुवारची रोझरी आठ वाजता होते. मम्मीने परस्पर ठरवलं. "देव अर्धा तास थांबेल," म्हणाली.

टीव्हीपासून हातभर अंतरावर प्लास्टिकची खुर्ची ओढून बसते. तू दिसतोस तोवर चकार शब्द काढत नाही. जाहिरात लागली की म्हणते, "बारीक झालाय." दर गुरुवारी तेच. पाच वर्षांत तू या घराची पायरी चढलेला नाहीस. रोवेनाच्या लग्नात हॉलवर आलास आणि हॉलवरूनच गेलास. मम्मीशी तर तू शाळेत असल्यापासून धड बोलत नाहीस. नाताळला तिला फोन दिला की "हॅपी ख्रिसमस" आणि कट. तिला मुलगा बघायला मिळतो तो आठवड्यातून बावीस मिनिटं, तोही दुसऱ्याच्या नावाने. माझं सोड. तिने काय वाईट केलंय तुझं?

आता मुद्दा. काल तू त्या डॉक्टरला म्हणालास, "माझ्या लहानपणी आमच्या घरात एक खोटं बोललं गेलं. सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं." डॉक्टर विचारतो, कोण बोललं? तू म्हणतोस, "वडील. ते प्रत्येक गोष्टीची फाइल ठेवतात. या खोट्याचीही असेल." आणि तो डॉक्टर मान हलवतो! नुसती मान हलवायची फी घेत असणार.

डेनिस वसईचा. बाप फायली ठेवणारा. अरे, एवढं केलंस तर माझं नावच घ्यायचं होतं की! आपल्या आळीत काल घराघरांत हे लागलेलं होतं. सकाळी शेजारचा टोनी बेकरीत भेटला आणि पाव घेता घेता नुसता माझ्याकडे बघत राहिला.

तुला ते कोणी सांगितलं, एवढंच विचारायला हे पत्र. ती गोष्ट चार माणसांना ठाऊक होती. एक मी, एक मम्मी, एक मर्सी मावशी, आणि चौथे आपले तेव्हाचे फादर, ते देवाघरी गेले. मी बोललो नाही. मम्मी बोलणार नाही, तिने मला शब्द दिलाय. मर्सी असेल तर तिला मी बघून घेतो.

मम्मीने काल भाग संपल्यावर टीव्ही बंद केला. नंतर रोझरीत तिसऱ्या रहस्याला अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घरची उणीदुणी टीव्हीवर काढू नकोस.

आपला,
सॅन्टन तुस्कानो

ता. क. सोबत सुकेळी पाठवतोय. मम्मीने सुकवलेली आहेत, मी नाही. तेव्हा परत करू नकोस.


भुईगाव
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

विषय: मागील पत्राचे स्मरणपत्र व खुलासा.

जेन्सन,

उत्तर नाही. ठीक आहे. सुकेळी खाल्लीस असं रोवेनाकडून कळलं, तेवढी पोच पुरे.

कालच्या भागाने मात्र कहर केलास. म्हणालास, "आई समोर बसलेली असते, पण मला ती आईसारखी वाटत नाही." मम्मी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पुढचं बघितलंच नाही तिने. मी मागून गेलो तर सिंकशी उभी राहून कुकर घासत होती. तो मघाशीच घासून झाला होता. मी म्हटलं, अगं तो डेनिस बोलतोय. म्हणाली, "आवाज तर जेन्सनचा आहे ना."

तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. तुला कळलंच आहे तर पूर्ण कळू दे, अर्धवट नको.

२००२ च्या ऑगस्टमध्ये तुझा धाकटा भाऊ जन्मला आणि दोन दिवसांत गेला. ते तुला आठवत असेल, तू दहा वर्षांचा होतास. नर्सनेच त्याच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. तुझ्या मम्मीने त्यानंतर जेवण सोडलं. मग झोप सोडली. मग बोलणं सोडलं. सप्टेंबरात एक दिवस विहिरीच्या काठावर बसलेली दिसली, पाय आत सोडून. मी आणि टोनीने धरून आणली. टोनीला वाटलं घेरी आली. मी तसंच वाटू दिलं. फादरांना विचारलं तर ते म्हणाले, सॅन्टन, प्रार्थना मी करतो, तू हिला डॉक्टरकडे ने. मुंबईला नेलं. मनाचं हॉस्पिटल. चार महिने ती तिथे होती. मस्कतला नव्हती. मर्सी मस्कतला नर्स होती म्हणून आपसूक तोंडात मस्कत आलं. मावशीच्या ओळखीने मम्मीला नोकरी लागली, एका घरी बाळ सांभाळायची, असं तुला सांगितलं. गावालाही तेच सांगितलं. रोवेना जेमतेम पावणेदोन वर्षांची, तिला काही सांगायचा प्रश्नच नव्हता.

का, म्हणशील. माझं टेबल ऑफिसच्या खिडकीपाशी होतं, समोर शाळेचं मैदान. तुझ्या वर्गातला स्टीवन आठवतो? त्याचा काका डोक्याने बिघडला होता. त्या पोराला मधल्या सुट्टीत वर्षभर "येड्याचा, येड्याचा" करून चिडवायचे. शेवटी त्याला शाळा बदलावी लागली. त्याचा दाखला मीच लिहिला. म्हटलं, माझ्या पोराचा दाखला मला लिहायचा नाही. लोक आईच्या नावाने काय बोलले असते? पुढे रोवेनाचं लग्न जमलं असतं?

मम्मी जानेवारीत बरी होऊन आली. तिलाही मी हेच समजावलं. तिने मान डोलावली. तेव्हा ती कशालाही मान डोलवायची. अजून रोज एक गोळी घेते. तुम्हाला थायरॉइडची म्हणून सांगितलेली, ती थायरॉइडची नाही.

मी खोटं बोललो, मान्य. पण तुझ्याच भल्यासाठी बोललो. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? विचार तुझ्या त्या डॉक्टर टिपणीसांना. मान हलवायच्या ऐवजी तोंडाने सांगायला सांग.

सॅन्टन तुस्कानो


भुईगाव
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

जेन्सन,

दत्तक! डेनिस दत्तक आहे!

गुरुवारी तू रडत रडत सांगितलंस की मला अनाथालयातून आणलं होतं आणि घरच्यांनी लपवलं, आणि माझ्या हातातला पेपर खाली पडला. मम्मी माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. म्हटलं याला आम्ही कुठून आणलं?

काल रोवेना आली. तिच्या सासरी एव्हरशाईनला रोज मालिका लागते, ती सगळं जाणते. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "डॅडी, जेन्सन फक्त संवाद बोलतो. ते अनुष्का म्हणून एक मुलगी लिहिते. फायली तिच्या वडिलांच्या. डेनिसला वसईचा केला कारण जेन्सनचं बोलणं तसं आहे." मग मला विचारते, "तुम्ही ते सगळं पत्रात कशाला लिहिलंत त्याला?"

म्हणजे तुला काहीच ठाऊक नव्हतं. कोणी चुगली केली नव्हती. मर्सीला मी फोनवर नको नको ते बोललो, बिचारीला. शाळेत पोरगं ऑफिसच्या दाराशी नुसतं उभं राहिलं तरी मी विचारायचो, काय केलंस? आणि ज्याने केलेलं असायचं तो पटकन सगळं ओकायचा. या वयात मीच तो पोरगा झालो.

रोवेनालाही आत्ताच कळलं. तिने पत्र वाचलं तुझ्याकडे. माझ्याशी धड बोलत नाहीये. चहा दिला तर म्हणाली, मम्मीला एकटीला भेटायला आलेय मी.

तुझा फोन तिला आला होता म्हणाली. तू एकच विचारलंस: "मम्मी जर हॉस्पिटलात होती, तर मस्कतहून मला पत्रं कोण पाठवायचं?"

मम्मीच पाठवायची. हॉस्पिटलात बसून ती लिहायची, मी दर रविवारी भेटायला गेलो की घेऊन यायचो. मस्कतहून सुट्टीवर आलेल्या कोणाच्या तरी हाती आली असं तुला सांगायचो, म्हणून त्यावर तिकीट नसायचं. एवढंच. तो विषय तिथेच मिटव.

प्रकृतीला जप.

डॅडी


भुईगाव
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

जेन्सन,

रोवेनाच्या मोबाईलवर तू मस्कतच्या एका पत्राचा फोटो पाठवलास. तिने तो दारातच उभं राहून मला दाखवला. घरात पण आली नाही. तेवीस वर्षं तू तो कागद जपून ठेवलास हे मला माहीत नव्हतं. खाली तू विचारलंयस, "हे अक्षर मम्मीचं आहे का?"

नाही. माझं आहे.

मागच्या पत्रातही मी खोटंच लिहिलं. सवय जात नाही. मम्मीला त्या दिवसांत पेन धरता येत नव्हतं, हात थरथरायचे. सातही पत्रं मी लिहिली. शाळेच्या ऑफिसात, शाळा सुटल्यावर, तिच्या जुन्या पत्रांवरून अक्षर गिरवून. तिचा 'ज' मला अगदी हुबेहूब जमायचा. मम्मीने पाठवली म्हणून तुला दिलेली चॉकलेटं स्टेशनजवळच्या परदेशी मालाच्या दुकानातली. तिच्या नावाने दिलेलं ते घड्याळही तिथलंच.

आज मृतांचा दिवस. दुपारी दफनभूमीत गेलो होतो. मम्मीने सकाळीच वाडीतला चाफा काढून ठेवला होता. सगळ्यांच्या कबरी झाल्यावर ती त्या लहान्याच्या कबरीशी बसली, माती हाताने सारखी केली, मेणबत्ती लावली. वाऱ्याने विझली की परत लावायची. मी मागे उभा होतो आणि तुझ्या फोटोतलं ते वाक्य माझ्या डोक्यात सारखं फिरत होतं. आता सगळं लिहितो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू तिला पत्र लिहिलं होतंस. माझ्याकडे आहे. तुझी सगळी सात पत्रं आहेत, फाइलला लावलेली. तू मला द्यायचास, मस्कतला पाठवा म्हणून. मी 'आवक' म्हणून तारीख घालायचो आणि फायलीत लावायचो. त्या अनुष्काच्या वडिलांचं माहीत नाही, पण तुझ्या वडिलांकडे खोट्याची फाइल खरंच आहे. तू लिहिलं होतंस: "मम्मी, माझं पहिलं कम्युनियन १५ तारखेला आहे. पांढरा कोट शिवायला टाकला. डॅडी म्हणतात बो शेजारची आँटी लावेल. पण तू लाव. तू एका दिवसासाठी ये आणि परत जा. मी रडणार नाही."

हे वाचून मी त्या रविवारी हॉस्पिटलात गेलो. मनात होतं, डॉक्टरांना विचारावं, एक दिवस नेऊ का. मम्मी खाटेवर बसली होती. मांडीवर उशी. ती उशीला थोपटत होती. नर्स जेवणाचं ताट घेऊन आली आणि उशी काढायला गेली, तर मम्मी तिला म्हणाली, "नको, माझ्याशिवाय हे बाळ झोपत नाही." मी डॉक्टरांना काहीही न विचारता परत आलो.

दुसऱ्या दिवशी तुला उत्तर लिहायचं होतं. काय लिहू सुचेना. न येण्याचं काय कारण देऊ? कानात तिचं ते वाक्य होतं, तेच लिहिलं. "जेन्सन, मला येता येणार नाही. इथलं बाळ माझ्याशिवाय झोपत नाही रे." त्या वेळी मला ते चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. खरंच सांगतो. कारण पटण्यासारखं आहे असं वाटलं.

तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि मला विचारलंस, "डॅडी, ते बाळ कोणाचं आहे?" मी म्हटलं, तिथल्या शेठचं. तू खेळायला गेलास. कम्युनियनच्या दिवशी, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेताना, तुझा बो वाकडा होता. फोटोत तसाच आहे.

अजून एक आहे आणि तेच सगळ्यांत वाईट. मम्मी जानेवारीत घरी आली. तू ओटीवर होतास. ती तुझ्याकडे हात पसरून आली आणि तू मागे सरकून तिला विचारलंस, "ते बाळ झोपतं का आता, तुझ्याशिवाय?" तिला त्या पत्रातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आपलं गेलेलंच बाळ माहीत. तिचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तू समजलास, आईला त्या परक्या बाळाची आठवण आली. ती समजली, मुलगा आपल्याला बाळ गेल्याचा दोष देतोय. मी तिथेच दारात उभा होतो, जेन्सन. मला दोघांचंही कळत होतं. एक वाक्य बोललो असतो तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण मग पत्रांचं सांगावं लागलं असतं. म्हटलं, पोर रुसलंय, होईल ठीक. मम्मी नंतर कितीदा मला विचारायची, "हा माझ्याजवळ का येत नाही हो?" मी म्हणायचो, वयच तसं आहे.

तुझा राग तिच्यावर नव्हताच, माझ्या अक्षरावर होता. तेवीस वर्षं तो तिने सोसला. तिचं सांगायचं तर, तिला अजून माहीतच नाही तिने काय केलं म्हणून.

उद्या तिला सांगणार आहे. ती फाइल तिच्या हातात देणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण तोंडाने बोलायच्या आधी कागदावर बोलता येतंय का ते बघत होतो. भीती वाटते रे. ती परत विहिरीवर जाऊन बसली तर? म्हणून आज संध्याकाळी तिच्या हल्लीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सांगा, आजार सांगण्याने येत नाही, आणि मी फोनच्या पलीकडे आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी नुसती मान हलवत नाही.

डॅडी


भुईगाव
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

जेन्सन,

सांगितलं. सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर. रोवेनाला बोलावून ओटीवर बसवून ठेवली होती, काही झालं तर म्हणून.

मी बोललो आणि फाइल तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावला आणि तुझी सातही पत्रं तारखेप्रमाणे वाचली. मग माझी सात वाचली, कारण त्यांच्या कच्च्या प्रतीही मी ठेवल्या होत्या. 'जावक'. चार वाजून गेले. मला वाटलं ओरडेल, फेकून मारेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणाली, "माझं नाव लिहिलंत?"

म्हटलं, हो.

"मम्मी म्हणून सही पण केलीत?"

हो.

मग तिने त्या डिसेंबरच्या कागदावर बोट ठेवलं. म्हणाली, "म्हणजे ओटीवर त्याने विचारलं ते हे बाळ?" आणि रडायला लागली. मोठ्याने, बाई गं, बाई गं करत. रोवेना आत धावली. मी जवळ गेलो तर मम्मीने हात आडवा केला. रोवेनाने तिला धरलं. ऑगस्ट २००२ पासून मी तिला असं रडताना पाहिलेलं नव्हतं. ती आजारी पडली तेव्हाही रडली नव्हती.

माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते. चहा ठेवते तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. रोझरी ती एकटी म्हणते, मी ओटीवर बसून उत्तरं देतो, हळू. तिने अजून मला थांबवलेलं नाही. फादरांकडे जाऊन पापनिवेदन केलं. ते म्हणाले, देवाने क्षमा केली, बाकीच्यांचं तुम्हाला बघावं लागेल. तुझी क्षमा मागणारं एक पत्र मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा अर्जासारखं झालं, म्हणून फाडलं. चुकलो, जेन्सन. एवढंच न फाडता उरलंय.

काल तिने रोवेनाकडून कागद मागवला. मी माझं पेन पुढे केलं. "तुमचं नको," म्हणाली, आणि रोवेनाच्या पर्समधलं घेतलं. स्वयंपाकघरात दार लोटून बसली. बाहेर आली तेव्हा पाकीट बंद केलेलं होतं, वरून डिंक. माझ्या हातात न देता रोवेनाच्या हातात दिलं.

ते या पत्रासोबत आहे. मी ते वाचलेलं नाही. तिच्या नावाने तुला आलेलं हे पहिलंच पत्र, जे मी वाचलेलं नाही.

डॅडी


बुधवार

जेन्सन बाळा,

तुझं डिसेंबरचं पत्र मला परवा मिळालं. उत्तराला उशीर झाला.

मला तुझ्या डॅडीसारखं शाळेचं लिहिता येत नाही. हाताने लिहायची सवयही गेली. बघ, हे असं अक्षर आहे माझं. ते पत्रातलं किती छान होतं. तुला कळायला हवं होतं की मम्मीचं एवढं छान नसतं.

तुझी सातही पत्रं वाचली. तिसऱ्यात तू विचारलंस, मस्कतला समुद्र आहे का. असेल. मी पाहिला नाही. माझ्या खिडकीतून पिंपळ दिसायचा. पाचव्यात तुझा दात पडला म्हणून लिहिलंस. कुठला ते सांग. सहाव्यात तू कोटाचं लिहिलंस. बो मी लावला असता. मला कोणी विचारलं असतं तर हॉस्पिटलच्या कपड्यांत चालत आले असते. नसते आले तरी मला निदान माहीत असतं की तू बोलावलंस.

तू विचारलंस, ते बाळ झोपतं का. तेव्हा मी दार लावून घेतलं. आता सांगते. ते बाळ म्हणजे उशी होती. माझी तब्येत बरी नव्हती तेव्हा. आणि आपलं बाळ झोपलंय, चाफ्याची फुलं घालून आले रविवारी. दुसरं कुठलंही बाळ मी कधी घेतलं नाही.

डॅडींवर मी रागावले आहे. किती दिवस ते मला माहीत नाही. तुझं तू ठरव, माझ्याकडे बघून ठरवू नकोस.

पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला, सुट्टी मिळते का बघ. तू घरात असलास तर टीव्ही लावायला नको, आणि रोझरी तिच्या वेळेला होईल. फार काही मागत नाही. तूच लिहिलं होतंस तसं. एका दिवसासाठी ये आणि परत जा. मी रडणार नाही.

मम्मी